फोटोवाल्या भाचीचा बिल्ला

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (या वेळी हा शब्द अगदी खरा समजावा. दिवसभर उभं राहून आत्ता मी खोलीत फरशीवर पालथी पडून लिहिते आहे, त्यामुळे आठही अंगं जमिनीला टेकलेली आहेत.) तुमची तब्येत कशी आहे? कमरेच्या वरची ती कळ पुन्हा आली का? पाणी भरपूर पिता ना, की मामींनी भरून ठेवलेला तांब्या त्यांची पाठ वळली की खिडकीतल्या कुंडीला पाजता? मामींना नमस्कार. तुमच्या धाकटीला आशीर्वाद द्यावा इतकी मी अजून मोठी झालेले नाही, तेव्हा तिची नुसती चौकशी.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर मी मध्ये मध्ये बोलते म्हणून तुम्ही पत्र लिहिता, ही तुमची तक्रार रास्त आहे. मुद्दा माझ्या लक्षात आला. धाकटीला माझाच, एक्स-रे आणि स्कॅनच्या तंत्रज्ञाचा, कोर्स करायचा आहे, प्रवेश या शुक्रवारी बंद होतो, आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय ती अर्ज करणार नाही. तेव्हा या कामात मिळतं काय, सोसावं लागतं काय आणि जिवाला धोका किती, ते मी "काही हातचं न राखता" कळवावं, म्हणजे तुम्ही तिला नाही म्हणायला मोकळे. थोडक्यात, निकाल लिहून झाला आहे आणि साक्षीदार आता बोलावला आहे. हरकत नाही, मी साक्ष देते. फक्त पूर्ण देते.

आधी एक किरकोळ दुरुस्ती. पत्रात तुम्ही पुन्हा "फोटो काढायचं काम" असं लिहिलं आहे. (चारचौघांत तुम्ही माझी ओळख "ही आमची फोटोवाली" अशी करून देता, तेही मी विसरलेले नाही.) मामा, फोटोवाला "हसा" म्हणतो, मी "हलू नका" म्हणते. त्याच्याकडे माणसं नटून येतात, माझ्याकडे अंगावरचं सगळं उतरवून येतात. त्याचं चित्र बिघडलं तर तो दुसरं काढतो. माझं बिघडलं तर दुसऱ्या चित्राचे किरण त्या माणसाला विनाकारण सोसावे लागतात, म्हणून माझं पहिलंच बरोबर यावं लागतं. आणि बहुतेक वेळा येतं. (छातीच्या एक्स-रेसाठी केस विंचरून, मिशीला पीळ देऊन उभे राहिलेले एक गृहस्थ मात्र होते. त्यांच्या फुप्फुसांतही तोच रुबाब होता.)

आता पोटापाण्याचं. काम आहे, भरपूर आहे. आमच्याकडे मशीनं पुढे निघून गेली आहेत आणि माणसं मागे राहिली आहेत. जो तो दवाखाना नवं मशीन आणतो. भिंत पाडून ते आत घेतात, फीत कापतात, पाहुणे त्याच्या भोकात डोकावून "वा, वा" म्हणतात, आणि पाहुणे पांगल्यावर कोणाच्या तरी लक्षात येतं की हे चालवायला माणूस लागतो. मग आम्हाला फोन येतात. मला मध्यंतरी एका स्कॅन केंद्राच्या मालकांचा आला होता. मी "विचार करून सांगते" म्हटलं, तर म्हणाले, "विचार इथे येऊन करा, बसायला खुर्ची देतो." (खुर्ची हे आमच्या कामात मोठं आमिष आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं दिसतं.) वाईट बाजूही लिहिते. कायमच्या जागा थोड्या. बरेचदा करारावर घेतात, आणि करार संपत आला की सगळे वरिष्ठ कॉरिडॉरमधून आपल्याकडे न बघता छताकडे बघत चालू लागतात. छोट्या केंद्रांत पगार बेताचा आणि कामं सतरा: मशीन चालवा, फोन घ्या, लाइट गेली तर मालकांना कळवा, लाइट आली तरी कळवा. पण मशीन चालवता येणारा हात रिकामा बसत नाही. शिकून बाहेर पडल्यापासून मी एकही दिवस घरी बसलेले नाही, आणि हे वाक्य आपल्या घराण्यात दुसरं कोणी लिहू शकेल असं मला वाटत नाही. (मोठ्या दादाची मी विशेष आठवण काढत नाही.)

तुम्ही पेपरातलं एक कात्रणही जोडलं आहे, की पुढे संगणकच सगळं करणार, मग पोरीने शिकून काय करायचं? करेल बापडा. चित्र बघून "इथे काहीतरी आहे" असं तो कदाचित माझ्याआधी सांगेल. पण मशीनसमोर येतो तो सरळ येत नाही, मामा. तो भीत येतो, भांडत येतो, कानातलं काढायला तयार नसतो, दातांची कवळी आपली नाहीच म्हणतो. मध्ये एमआरआयसाठी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या होत्या. बोगद्यात डोकं जाताच ओरडल्या, बाहेर काढलं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. शेवटी मी मायक्रोफोनवरून म्हटलं, "बाई, मशीन थांबलं की मी सतराचा पाढा म्हणते, तुम्ही फक्त ऐका." आणि प्रत्येक गडगडाटानंतरच्या शांततेत मी पाढा म्हटला, एक ओळ बरोबर, एक ओळ चूक. बाई इतक्या संतापल्या की घाबरायचं विसरल्या. संतापलेलं माणूस हलत नाही, ताठ पडून राहतं. चित्रं आरशासारखी स्वच्छ आली. उतरल्यावर त्यांनी माझा कान धरला आणि विचारलं, "तुला गणित कोणी शिकवलं?" मी तुमचं नाव सांगितलं. (ते खरंच आहे.) संगणकाला सतराचा पाढा चुकता येईल तेव्हा मी दुसरी नोकरी शोधेन.

कामाच्या परिस्थितीबद्दल. आमच्या खोलीला खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की अंधार, हे रुग्णांच्या चपलांवरून ओळखावं लागतं. मशीनला उकडू नये म्हणून खोली सदा गार, आणि आम्हाला गारठू नये म्हणून काहीच नाही. उभं राहायचं, वाकायचं, आपल्या दुप्पट वजनाच्या माणसाला खाटेवरून मशीनवर सरकवायचं आणि तो "हळू गं" म्हणाला की "झालंच" म्हणायचं. शिवाय काम घरी येतं. समोरच्या माणसाचा उजवा हात आपल्या डावीकडे, हे इतकं डोक्यात बसतं की मागच्या महिन्यात आईला वाट सांगताना मी समोरून येणाऱ्या माणसाचं डावं सांगितलं आणि आई एका परक्या लग्नात जाऊन बसली. (तिथे तिचं चांगलं आदरातिथ्य झालं, असं ती म्हणते.) आणि मैत्रिणीकडे सगळे गप्प बसलेले बघून मी म्हटलं, "आता श्वास सोडा." सगळ्यांनी सोडला. तेव्हा हे असं आहे. धाकटीला हे सगळं वाचून दाखवा. ती हसेल, पण मन बदलणार नाही. मी तिला ओळखते.

आता धोका. इथे मात्र मला जरा लांबून यावं लागेल, कारण तुमचा नकार ज्या बातमीवर उभा आहे ती आईने तुम्हाला सांगितली, आणि आईकडून गेलेली बातमी मूळ बातमीपेक्षा नेहमी हातभर लांब असते.

आमच्या कोटाला छातीशी एक बिल्ला अडकवलेला असतो, काडेपेटीएवढा. तो किरण अडवत नाही, मोजतो. (तुम्ही एकदा त्याला बोट लावून "हे घातलं की काही होत नाही ना?" असं विचारलं होतं. थर्मामीटर लावून ताप अडत नाही, मामा.) ठरावीक मुदतीने सगळ्यांचे बिल्ले तपासायला जातात आणि कोणाच्या अंगावर किती किरण पडले ते कळतं. माझ्या नावापुढे आजवर "नोंद घेण्याजोगे नाही" असाच शेरा आला. असल्या शेऱ्याचा अभिमान बाळगणारी मी बहुधा एकटीच असेन. पण तो नीट काम केल्याचा दाखला आहे. या खेपेला मात्र माझ्या नावापुढे असा आकडा आला की कागद आणणाऱ्या शिपायाने तो दोन बोटांत धरून आणला आणि टेबलावर न ठेवता सोडला.

त्या दिवसापासून मला मशीनवरून उतरवलं. चौकशी होईपर्यंत बाहेरच्या काउंटरवर बसून लोकांना तारखा द्यायच्या. (खुर्ची मिळाली, ती अशी.) रक्त तपासलं, ते उत्तम निघालं, पण उत्तम रक्ताची बातमी कोणी कोणाला सांगत नाही. कॅन्टीनवाला चहाचा कप काउंटरच्या त्या टोकाला ठेवून झाडूच्या दांड्याने माझ्याकडे ढकलू लागला. शेजारच्या कारकूनबाईंनी खुर्ची सरकवत सरकवत जिन्यापर्यंत नेली. आमचे वरिष्ठ, ज्यांना सगळा विभाग सावकाशराव म्हणतो (ते श्वास घ्यायलाही "सावकाश" सांगतात आणि स्वतः त्याहून सावकाश असतात), मला धीर द्यायला आले. म्हणाले, "घाबरू नकोस. लाइट गेली की तूच उपयोगी पडशील." घरमालकीणबाईंनी दारातूनच विचारलं, "तुझे कपडे आमच्या कपड्यांबरोबर वाळत घातले तर चालतील ना गं?" मी म्हटलं, चालतील, लवकर वाळतील. त्या खरंच आपले कपडे सरकवून गेल्या, माझ्या कपड्यांच्या जवळ.

मी हे सगळं हसून लिहिते आहे, पण तेव्हा हसले नव्हते. आकडा खरा ठरला असता तर सीटी स्कॅनच्या मशीनवरची माझी जागा गेली असती, आणि त्याहून वाईट म्हणजे मी काम निष्काळजीपणे करते असं कायमचं लागलं असतं. ते मी सोसलं नसतं. आणि नेमका तेव्हाच तुमचा फोन आला: "मी तेव्हाच म्हणत होतो! माझी पोर मी त्या भट्टीत घालणार नाही." मी "बरं" म्हटलं. आमच्या विभागात मोजून पाहिल्याशिवाय बोलत नाहीत.

चौकशीला किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी आले. अतिशय सभ्य गृहस्थ, हातातलं मोजमापाचं यंत्र आधी कपाटाला लावतील, मग खुर्चीला, मग विचारून माझ्या बाहीला. त्यांनी पहिलाच प्रश्न सरळ विचारला: बिल्ला तुमच्या अंगावरून कधी उतरतो? मी म्हटलं, कोट उतरतो तेव्हा. कोट कुठे असतो? कपडे बदलायच्या खोलीत, कपाटात. मशीनच्या खोलीत कधी राहिला होता? मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि "हो" म्हणाले.

कारण एकदा राहिला होता. मामा, तुम्ही कळ घेऊन आलात त्या दिवशी.

आमच्या विभागाचा एक न लिहिलेला नियम आहे: आपल्या माणसाचा स्कॅन आपण करायचा नाही. हात शिकलेला असला तरी आपल्या माणसापुढे तो शिकलेला राहत नाही. मी तुम्हाला आत नेलं, टेबलावर निजवलं, सावकाशराव आले, तेव्हा मी कोट काढून दाराच्या खुंटीला अडकवला आणि बाहेर नातेवाइकांच्या बाकावर मामींशेजारी जाऊन बसले. तेवढा वेळ मी तंत्रज्ञ नव्हते, भाची होते, म्हणून कोटही नको असं मला वाटलं. (इतकं काटेकोर वागायला नको होतं, असं आता सुरक्षा अधिकाऱ्यांचं मत आहे.) आत तुम्ही काय केलंत ते आमच्या सेविका मावशींनी चौकशीत शपथेवर सांगितलं. दवाखान्याचा उघड्या पाठीचा झगा तुम्ही आधीच नाकारला होता, आणि फोटोवालीचे मामा म्हणून सावकाशरावांनी तो आग्रह सोडला होता. मग तुम्ही "थंडी, थंडी" असा घोष लावलात. पांघरुणं धुवायला गेली होती. मावशींनी इकडेतिकडे पाहिलं, आणि खुंटीवरचा माझा कोट काढून प्रेमाने तुमच्या पोटावर पसरला. वर बिल्ला. सावकाशराव काचेमागे होते. मशीन सुरू झालं.

त्यानंतर सुरक्षा अधिकारी, विभागाच्या डॉक्टर आणि मी, अशी तिघं पडद्यासमोर बसलो आणि तुमचा स्कॅन उघडला. स्कॅनच्या आधी माणसाचं एक साधं लांबट चित्र येतं, कुठून कुठे जायचं ते ठरवायला. त्यात तुमचा कणा, बरगड्या, आणि पोटाच्या बरोबर मधोमध, एखाद्या मानचिन्हासारखा, माझा बिल्ला. क्लिपसकट. कोटाची बटणंही ओळीने दिसत होती, एक तुटलेलं होतं तेसुद्धा. डॉक्टरांनी सावकाशरावांना बोलावून विचारलं, "हे तुम्हाला दिसलं नाही?" ते सावकाश म्हणाले, "दिसलं. मला वाटलं, मामांचा मोबाइल असेल. मूत्रपिंडाच्या आड येत नव्हता, म्हणून म्हटलं कशाला उठवा, मोठं माणूस."

तर मामा, असं आहे. ज्या आकड्याला घाबरून तुम्ही धाकटीला नाही म्हणालात, तो आकडा माझा नाही. तुमचा आहे. (तुम्ही घाबरू नका. एका स्कॅनला जेवढे किरण लागतात तेवढेच ते होते. खडा शोधायला ते गरजेचे होते, डॉक्टरांनी विचार करूनच सांगितले होते. फक्त ते माझ्या नावावर जमा झाले.) माझा स्वतःचा हिशेब कोरा निघाला, नावापुढे पुन्हा "नोंद घेण्याजोगे नाही" असं आलं आहे आणि परवापासून मी मशीनवर आहे. गेल्या गेल्या पहिला रुग्ण होता तो सतत खोकणारा, न थांबता बोलणारा, एका जागी न टिकणारा. चित्र पहिल्याच खेपेला बरोबर आलं. काचेमागे उभी राहून मी ते बघत होते, तेव्हा मला वाटलं की धाकटीला हे बघायला मिळायला हवं: आत्ताच आपल्याशी हुज्जत घालणारा माणूस आतून इतका शांत आणि नीट रचलेला असतो. हे मी एरवी कोणाला लिहिलं नसतं. साक्ष पूर्ण द्यायची ठरली म्हणून लिहिलं.

मामींना सांगा की झाल्या प्रकारात चूक कोणाचीच नव्हती, गारठ्याची होती. कॅन्टीनवाला आता कप हातात देतो. घरमालकीणबाईंचे कपडे मात्र अजून माझ्या कपड्यांना चिकटून असतात. त्यांना खरंच फरक जाणवतो म्हणतात.

कळावे, लोभ आहेच. (तो मोजायचा बिल्ला अजून निघालेला नाही.)

तुमची भाची,
फोटोवाली

ता.क. धाकटीचा अर्ज भरून तयार आहे, हे मला माहीत आहे. तो मीच तिच्याबरोबर फोनवर बसून भरला. तुमच्या सहीची जागा तेवढी मोकळी आहे. शुक्रवारी दुपारी खिडकी बंद होते.

ता.क. आणखी एक. ते लांबट चित्र पोटाशी संपत नाही, थोडं खाली जातं. तुम्ही स्वतःची पँट सोडायला तयार नव्हता, आणि सावकाशरावांनी खिसे तपासले नाहीत. तुमच्या उजव्या खिशात (चित्रात तो डावीकडे दिसतो) एक लायटर आहे. अगदी स्पष्ट आला आहे, चाकावरचे दातेसुद्धा मोजता येतील. त्याच दिवशी, त्याच बाकावर बसून मामी मला अभिमानाने सांगत होत्या की यांनी सिगारेट सोडली त्याला आता किती वर्षं झाली.

ता.क. काळजी नसावी. चित्रात काय दिसलं ते तंत्रज्ञ कोणालाही सांगत नाही. हा आमचा पहिला धडा आहे, आणि मी तो मोडणार नाही. धाकटीलाही तो पहिल्याच आठवड्यात शिकवतील, प्रवेश मिळाला तर. न मिळाल्यास ती तंत्रज्ञ नसून नुसती तुमची मुलगी राहील, आणि मुलींसाठी असा कोणताही नियम नाही. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. पण चौकशीची गोष्ट तिने अर्धी ऐकली आहे, आणि उरलेली अर्धी ऐकायला ती रोज फोन करते.

ता.क. खड्याच्या फेरतपासणीला तुम्हाला डॉक्टरांनी पुढच्या वर्षी बोलावलं आहे. या वेळी पांघरूण घरून आणा, मामींना घेऊन या, आणि खिसे रिकामे करून या. आत सोडण्यापूर्वी ते तपासायला दारात एक नवी शिकाऊ मुलगी उभी असेल. ती तुमची भीडभाड ठेवणार नाही. लहानपणापासून ठेवलेली नाही.